दोन मीटर बँड, ३०० मिलिवॅटचा घरगुती ट्रान्समीटर: पल्ला वाढवायला अँटेनात काय बदल करू?

पहिलीहाक

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओचा परवाना मिळून चार महिने झाले. विकतचा हँडसेट घरात आहे, पण पहिली हाक स्वतः जोडलेल्या यंत्रावरूनच द्यायची हे मनात पक्कं होतं. म्हणून १४५ मेगाहर्ट्झचा छोटा एफएम ट्रान्समीटर बनवला. १२.०८३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याची तिप्पट, मग दुप्पट, पुन्हा दुप्पट, आणि शेवटी २एन३८६६ ट्रान्झिस्टर. आवाज स्वच्छ जातो, फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. अडलंय ते पल्ल्यावर.

अँटेना म्हणून ५० सेंमी तांब्याची तार बोर्डाच्या आउटपुटला थेट सोल्डर केली आहे. डबी प्लास्टिकची, दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेली. मित्र (त्याच्याकडेही परवाना आहे) हँडसेट घेऊन रस्त्याने चालत गेला. ८०० मीटरपर्यंत शब्दन्‌शब्द कळला, पुढे खरखर वाढत गेली आणि तो कोपऱ्यावर वळला तसं सगळंच बंद. त्याचं घर माझ्या घरापासून सरळ रेषेत ६ किमी आहे. तिथपर्यंत पोचायचंय.

तार लांब केली की पल्ला वाढेल असं वाटून १ मीटरची लावली, तर ३०० मीटरवरच आवाज गेला. असं का व्हावं? आणि दुसरं म्हणजे, पुढे आणखी एक टप्पा जोडून ३ वॅट करावेत की अँटेनावरच काम करावं? भागांची यादी काढून ठेवली आहे, पण हात घालण्याआधी तुम्हाला विचारतोय.

तांब्याचीतार

आधी अभिनंदन. गुणक टप्पे लावून १४५ ला स्वच्छ आवाज काढणं नवख्याला सोपं नाही, तुम्ही ते करून दाखवलंत.

३ वॅटचा टप्पा तूर्त राहू द्या. तुमच्या तारेची लांबी जवळपास बरोबरच आहे. ३०० भागिले १४५ म्हणजे तरंगलांबी २.०७ मीटर, तिचा पाव भाग ५२ सेंमी, आणि तारेच्या टोकाच्या परिणामामुळे त्यातून पाचेक टक्के वजा, म्हणजे ४९ सेंमी. चूक लांबीत नाही. चूक ही की ती अर्धीच अँटेना आहे. तारेत प्रवाह वर ढकलायचा तर तेवढाच प्रवाह दुसऱ्या बाजूला कुठेतरी जावा लागतो. सध्या तो बोर्डावरच्या तांब्यात, बॅटरीच्या वायरीत, माइकच्या वायरीत, जिथे वाट मिळेल तिथे जातोय. बोलताना डबीवर हात ठेवून बघा, मित्राकडे सिग्नल वरखाली होईल. त्या वेळी तुमचा हातच अँटेनाचा भाग झालेला असतो.

आता १ मीटरच्या तारेबद्दल. ती अर्ध्या तरंगलांबीची होते. अशा तारेच्या टोकाला प्रवाह नावापुरता आणि व्होल्टेज जबरदस्त, म्हणजे तिथला इम्पीडन्स (रेडिओ प्रवाहाला होणारा विरोध) हजारो ओहमचा. तुमचं आउटपुट ५० ओहमसाठी जुळवलेलं. शक्ती तारेत शिरतच नाही, दारातूनच परत फिरते. अर्ध्या लहरीची तार वाईट नव्हे, पण तिला टोकाशी जुळवणीचं सर्किट लागतं. तेवढी भानगड आत्ता नको.

शक्तीचा हिशोबही करून टाकू. ३०० मिलिवॅटचे ३ वॅट केले की १० डेसिबल मिळतात. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो, पण जमिनीलगत, सरळ लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींना खात जातात, तिथे तो सुमारे १२ डेसिबलने पडतो. म्हणजे दहापट शक्ती देऊन अंतर वाढणार जेमतेम १.८ पट. ८०० मीटरचे १४०० झाले. त्याच मार्गावर अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल मिळतात, तेही बॅटरीवर एक मिलिअँपिअरचा भार न टाकता.

मोजूनमापून

ताईंशी सहमत, फक्त एक आकडा त्यात घालतो, कारण ३०० मिलिवॅट "कमी" आहेत हा समज मुळातून जायला हवा.

३०० मिलिवॅट म्हणजे जवळपास २५ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). १४५ मेगाहर्ट्झला, मध्ये काहीही आडवं नसताना, १० किमीवर होणारी घट सुमारे ९६ डेसिबल. म्हणजे अँटेनांचा फायदा शून्य धरला तरी पलीकडे उणे ७१ डीबीएम पोचतात. साध्या हँडसेटला आवाज कळायला पाव मायक्रोव्होल्ट पुरतो, तो होतो उणे ११९. शिल्लक ४८ डेसिबल! तुमच्या यंत्रात दम भरपूर आहे. तो भिंती, झाडं, जमिनीचा अडथळा आणि अपुरी अँटेना यांत संपतोय. शोध तिथे घ्यायचा.

पण त्याआधी यंत्रातून खरंच ३०० मिलिवॅट निघतात का, हे मोजलंय की सर्किटच्या आकृतीवर लिहिलं होतं म्हणून धरलंय? १०० ओहमचे दोन पाव वॅटचे कार्बन रेझिस्टर समांतर लावा, पाय शक्य तितके आखूड. झाला ५० ओहमचा भार. त्यावर एक जर्मेनियम डायोड आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून मल्टिमीटरने डीसी व्होल्ट बघा. डायोडवर पडणारे ०.३ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. आलेलं उत्तर वॅटमध्ये. तारगुंडाळीचे रेझिस्टर मात्र घेऊ नका, १४५ ला ती निव्वळ कॉइल होते.

पहिलीहाक

मोजलं. ५.२ व्होल्ट आले. म्हणजे ५.५ चा वर्ग ३०.२५, भागिले १००, ०.३ वॅट. जिवात जीव आला.

डबीवर हात ठेवून पाहायचा प्रयोगही केला. मित्र म्हणाला, "आता तू गेलास, आता आलास." ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच.

मग आता ती दुसरी अर्धी अँटेना कशी बनवू? घरात १० मीटरचा शिडीचा पाइप आणि तांब्याची २ मिमी जाडीची तार आहे.

उंचकाठी

ग्राउंड प्लेन बनवा. पहिली अँटेना म्हणून याच्याइतकी गुणी दुसरी नाही, निदान मला तरी सापडलेली नाही. पण धातूचा पाइप शेवटच्या मीटरभरात नको, वरच्या टोकाला पीव्हीसीचा तुकडा घाला.

एक एसओ-२३९ सॉकेट घ्या, चार कोपऱ्यांत भोकं असलेलं. मधल्या पिनेत उभी तार बसेल, चार भोकांत चार रेडियल, म्हणजे बाहेर फाकणाऱ्या तारा. त्याच तुमची दुसरी अर्धी अँटेना. उभी तार आधी ५१ सेंमी ठेवा, रेडियल ५२. कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

सोल्डरिंगबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं फसतं. २५ वॅटच्या कावियाने हे होत नाही. सॉकेटचं अंग सगळी उष्णता पिऊन टाकतं, डाख वरवर बसतो आणि गार झाल्यावर राखाडी, खडबडीत दिसतो. तो डाख महिनाभर टिकेल, मग वाऱ्याने सुटेल. ६० वॅट किंवा त्याहून मोठा कावीया घ्या. तारेचं टोक पॉलिश पेपरने लालबुंद चमकेपर्यंत घासा, आधी तारेला स्वतंत्र कथील चढवा, मग पिनेच्या खोबणीत कथील भरा, आणि ते वितळलेलं असतानाच तार आत सोडा. कावीया काढल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत हात हलवायचा नाही. चांगला डाख आरशासारखा लकाकतो, आणि तारेच्या भोवती त्याची कड आत वळलेली दिसते. रेडियलना मात्र सोल्डर करत बसू नका. टोकाला गोल टर्मिनल दाबून बसवा आणि ३ मिमीच्या स्टीलच्या स्क्रूने, दातेरी वॉशर घालून, आवळा.

रेडियल आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा इम्पीडन्स ३६ ओहमच्या आसपास येतो. त्या ४५ अंशांनी खाली झुकवल्या की तो ५० कडे सरकतो, आणि केबलही ५० ओहमचीच. एवढ्या साध्या वाकवण्यात जुळवणी होऊन जाते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

उभ्या तारेच्या आणि रेडियलच्या टोकांना बारीक गोल वाकवा. ती टोकं डोळ्याच्या उंचीवर येतात तेव्हा फार वाईट इजा करतात. लांबी गोलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची.

आणि काठी उभी करताना विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. काठी आडवी पडली तरी त्यांना शिवणार नाही इतकं अंतर हवं. यात तडजोड नाही.

मोजूनमापून

काकांच्या कृतीला जोडून. कापायची वेळ येईल तेव्हा एका वेळी ३ मिमीच कापा. आणि मोजताना अँटेना जमिनीवर ठेवून, भिंतीला टेकवून मोजू नका. मी एकदा खोलीत बसून रात्रभर कापत होतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.१ वर आणला, वर चढवली तर २.४! भिंतीतल्या सळया आणि खोलीतलं सामान धरून ती जुळवली गेली होती. निदान दोन मीटर मोकळी उंची द्या, मग मोजा.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करा. आणि त्याच्या तोंडाला चालू ट्रान्समीटर चुकूनही लावू नका, आतले भाग जळतात.

१.१ च्या मागे फार लागू नका. एसडब्ल्यूआर १.५ असताना ४ टक्के शक्ती परत येते, २ असताना ११ टक्के, ३ असताना २५. दोनच्या आत आलात की पलीकडच्या कानाला फरक कळत नाही.

चांदणवेल

धागा आवडला, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर बनवलाय, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, साध्या रेडिओवर ऐकू येतो. परवाना नाही. हीच अँटेना ७१ सेंमीची करून गच्चीवर लावली तर चालेल का?

रानपाखरू

गणित बरोबर आहे तुमचं, पण गच्चीवर लावू नका. मनापासून सांगतोय.

परवान्याशिवाय चालणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरना बहुतेक देशांत जी मर्यादा असते ती यंत्राजवळ काही मीटरवर मोजलेल्या क्षेत्राच्या तीव्रतेची किंवा अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीची. म्हणजे शक्ती तीच ठेवून नुसती अँटेना सुधारली तरी मर्यादा ओलांडली जाते. तुमच्या देशाचा नियम आधी वाचा.

दुसरं कारण तांत्रिक आहे. एका ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये अँटेना थेट ऑसिलेटरच्या कॉइलवर टांगलेली असते. अँटेना हाच त्या कॉइलचा भार. मीही सुरुवात तिथूनच केली. वारा आला, तार हलली की स्टेशन सरकायचं. मोठी अँटेना लावली तर ते जास्तच सरकतं, काही वेळा ऑसिलेटर बंदही पडतो. आणि एफएम बँड १०८ ला संपतो तिथूनच विमानांचा बँड सुरू होतो, १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ. भरकटणारा ट्रान्समीटर उंचावर चढवून त्याच्या शेजारी उभा करणं, हे होऊ देऊ नका.

तुमची ७१ सेंमीची ग्राउंड प्लेन जरूर बनवा, आणि रेडिओला लावून ऐका. अँटेना पाठवताना जशी वागते तशीच पकडतानाही वागते. लांबी, उंची, केबल, सगळं ऐकूनच शिकता येतं. तोवर परवान्याचा अभ्यास सुरू करा. १४४ ते १४६ हा पट्टा जगभर हौशी लोकांसाठी राखलेला आहे, तिथे मोकळेपणाने प्रयोग करता येतील.

आणि पहिलीहाक, हे तुमच्याही कामाचं आहे. तुमचा क्रिस्टल १२.०८३. त्याची अकरावी पट १३२.९ मेगाहर्ट्झ, विमानांच्या बोलण्याच्या पट्ट्यात! तिथे थोडीशी गळती असेल तरी खिडकीतल्या ५० सेंमी तारेवरून ती फार दूर जात नव्हती. चांगली अँटेना चांगल्या सिग्नलबरोबर घाणही वर नेते. शेवटच्या टप्प्याआधी दोन ट्यून्ड सर्किटचा बँडपास (हवा तेवढाच पट्टा जाऊ देणारा) आणि आउटपुटला पाच घटकांचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावलाय ना? लो-पास एकटा १३२.९ ला अडवणार नाही, ते काम बँडपासचं. लो-पास २९० आणि ४३५ साठी, म्हणजे १४५ च्या दुपटी-तिपटीसाठी. पाव लहरीची तार तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही छान अनुनादते, म्हणून ४३५ ला ही अँटेना आनंदाने पाठवेल.

पहिलीहाक

लो-पास होता, बँडपास एकाच ट्यून्ड सर्किटचा होता. तुमचं वाचून काम थांबवलं, दुसरं सर्किट घातलं आणि एका अनुभवी हॅमकडच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर तपासलं. आधी १३२.९ आणि १५७ (क्रिस्टलची तेरावी पट) वर छोटे सुळके स्पष्ट दिसत होते, आता खालच्या गवतात, म्हणजे नेहमीच्या खरखरीत, बुडाले. खूप आभार. हे मला कधीच सुचलं नसतं.

अँटेना काकांच्या कृतीने केली. उभी तार कापत कापत ४९.३ वर थांबलो, एसडब्ल्यूआर १.३. आधी मुद्दाम त्याच खिडकीत, त्याच उंचीवर लावली, म्हणजे नुसत्या अँटेनाचा फरक कळेल. ८०० मीटरचे १३०० झाले!

मग गच्चीवर चढवली. खिडकी ५ मीटरवर होती, आता अँटेना १० मीटरवर आहे. ताईंच्या हिशोबाने ६ डेसिबल, म्हणजे १.४ पट, १८०० मीटर यायला हवे होते. आले १६००. अँटेनापासून खोलीपर्यंत १५ मीटर आरजी-५८ केबल आहे. एसडब्ल्यूआर मात्र खोलीत मोजला तर आणखी सुधारलाय, १.१५. मग चुकतंय कुठे?

तांब्याचीतार

चुकत नाहीये, सगळं केबलमध्ये जातंय. १४५ ला आरजी-५८ शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. १५ मीटरला ३ डेसिबल. तुमच्या ३०० मिलिवॅटपैकी १५० केबल तापवतात, अँटेनाला मिळतात उरलेले १५०. उंचीने दिलेल्या ६ डेसिबलमधले ३ केबलने परत घेतले. ३ डेसिबल म्हणजे अंतर १.१९ पट, १३०० चे १५५०. तुमचे १६०० जवळपास जुळतात.

मोजूनमापून

आणि सुधारलेला एसडब्ल्यूआर त्याच गळतीची खूण आहे. परतणारी लहर केबलमधून दोनदा जाते, जाताना आणि येताना, म्हणून ती मीटरपर्यंत पोचेतो अशक्त होते आणि मीटरला वाटतं सगळं छान आहे. तुमच्या या केबलचं वरचं टोक अँटेना काढून मोकळं सोडा आणि खाली मोजा. अनंत दिसायला हवं, दिसेल साधारण ३. अँटेना नसताना ३! खालून मोजलेल्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये ते यासाठी.

उंचकाठी

केबल जाड घ्या. आरजी-२१३ शंभर मीटरमागे ९ डेसिबलच्या आसपास. १५ मीटरला १.३ किंवा १.४. अँटेनाला २२० मिलिवॅट मिळतील. मात्र ती जड आणि ताठ असते, तिचा भार सॉकेटवर पडू देऊ नका, काठीला दर अर्ध्या मीटरवर बांधा.

रानपाखरू

मी तर म्हणतो केबलच नको. ट्रान्समीटरच काठीच्या डोक्याशी न्या. १२ व्होल्ट आणि माइकचा आवाज खालून वर पाठवा. १०० मिलिअँपिअरला अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत, १५ मीटर जाऊन-येऊन, ०.१ व्होल्ट पडेल. म्हणजे काहीच नाही. पूर्ण ३०० मिलिवॅट थेट अँटेनात.

उंचकाठी

ते कागदावर सुंदर आहे, पण गच्चीवरच्या बंद डब्यात भर उन्हात क्रिस्टल आणि व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) दोन्ही सरकतात. शिवाय अँटेनाच्या कुशीत बसलेल्या माइकच्या वायरीत आरएफ (रेडिओ लहर) शिरून आवाज घोगरा होतो. आणि बिघाड झाला की दर वेळी काठी उतरवा. दीड डेसिबलसाठी एवढं करण्यापेक्षा जाड केबल बरी.

रानपाखरू

उन्हाचा मुद्दा मान्य. पण ज्यांना नुसता टेलिमेट्रीचा (मोजमापं पाठवणारा) किंवा बीकनचा (सतत खूण पाठवणारा) ट्रान्समीटर ठेवायचाय त्यांना माझीच पद्धत सोयीची, माइकचा प्रश्नच नाही. बोलण्याच्या यंत्राला काकांचं ऐका.

पहिलीहाक

आरजी-२१३ टाकली. १८०० मीटर. मोकळं टोक सोडून मोजायचा प्रयोग जुन्या केबलवर केला, ३.१ आला! केबल किती शांतपणे खाते हे डोळ्यांनी पाहिलं.

एक विचित्र गोष्ट: खोलीत केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर किंचित हलतो.

तांब्याचीतार

केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतोय. केबल स्वतः अँटेनासारखी वागू लागलीय, आणि तिचं पाठवणं वरच्या अँटेनाच्या पाठवण्यात मिसळून आडव्या दिशेचा जोर बिघडवतं. अँटेनाच्या अगदी खाली, सॉकेटला लागून, केबलवर ४–५ फेराइटचे मणी चढवा, व्हीएचएफसाठीचे. चारही रेडियल सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनात आहेत ना तेही बघा.

आता तुमच्या बाजूचं बहुतेक झालं. मित्राच्या बाजूकडे वळा. हँडसेटचा आखूड रबरी अँटेना पाव लहरीच्या तारेपेक्षा बऱ्याच डेसिबलने मागे असतो, आणि त्यालाही "दुसरी अर्धी" नाहीच, ते काम धरणाऱ्याचा हात करतो. ४९ सेंमी मऊ वायर घेऊन तिचं एक टोक हँडसेटच्या अँटेना सॉकेटच्या बाहेरच्या धातूला पक्कं अडकवा आणि उरलेली शेपटीसारखी खाली लोंबती सोडा. पाच मिनिटांचं काम. आणि त्याला सांगा, हँडसेट उभा धर. तुमची अँटेना उभी, त्याची आडवी झाली तर २० डेसिबलपर्यंत नुकसान होतं. खिशात आडवा ठेवून ऐकणाऱ्यांना "सिग्नल नाही" वाटतो तो बऱ्याचदा यामुळे.

मोजूनमापून

६ किमीचा हिशोब: रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये म्हणजे ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, दोन्ही टोकांचं वेगवेगळं काढून बेरीज करायची. तुमचे १० मीटर देतात १३ किमी, मित्राच्या हातातले १.५ मीटर देतात ५. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही, घरं आणि झाडं येतात. त्याच्या गच्चीवर ९ मीटरवर दुसरी ग्राउंड प्लेन गेली तर उंचीच सहापट होते, म्हणजे सुमारे १५ डेसिबल. तेवढे पुरतील असं वाटतं.

रानपाखरू

नाही पुरले तर तीन घटकांची यागी आहेच. एकाच दिशेला बोलायचंय तर चारी बाजूंना शक्ती कशाला वाटायची? १९२६ साली उडा आणि यागी यांनी जपानात मांडलेली रचना, आजही तिला तोड नाही. मधला डायपोल ९८ सेंमी, मागचा रिफ्लेक्टर पाच टक्के लांब, पुढचा डायरेक्टर पाच टक्के आखूड, मधली अंतरं ४० सेंमीच्या आसपास. डायपोलपेक्षा ५ डेसिबल जास्त, म्हणजे तुमचे ३०० मिलिवॅट त्या दिशेला वॅटभर शक्तीसारखे वागतील. इम्पीडन्स २०–३० ओहमवर घसरतो, त्याला जुळवणी करावी लागेल. आणि घटक उभेच ठेवायचे, मित्राची अँटेना उभी आहे म्हणून.

पहिलीहाक

मणी चढवले, केबलला हात लावून आता काही हलत नाही. वायरीच्या शेपटीने रस्त्यावरचा पल्ला २४०० मीटरपर्यंत गेला.

काल मित्राच्या गच्चीवर दुसरी ग्राउंड प्लेन चढली. हिच्या सगळ्या तारा त्याने स्वतः कापल्या, मी फक्त कावीया धरला. संध्याकाळी घरी येऊन मी हाक दिली. दोन सेकंद काहीच नाही, आणि मग हँडसेटमधून त्याचा आवाज: "स्वच्छ. खरखर नाही. परत बोल." ६ किमी, ३०० मिलिवॅट. मी परत बोललो, पण काय बोललो ते आठवत नाही.

यागी लागली नाही. ३ वॅटच्या टप्प्याचीही गरज उरली नाही.

उंचकाठी

शाब्बास! दोघांचंही.

दोन गोष्टी राहिल्या. वादळाची चिन्हं दिसली की केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवायची, मास्टला अर्थिंग द्यायचं. आणि वरचा जोड पाण्यापासून झाकलात का?

पहिलीहाक

(दीड महिन्याने)

काका, तुमचा शेवटचा प्रश्न मी वाचला होता आणि "करू सावकाश" म्हणून सोडला होता. आठवडाभर पाऊस झाला. परवा मित्र म्हणाला, तुझ्यामागे खरखर येतेय. मी एसडब्ल्यूआर पाहिला तर १.१, पूर्वीपेक्षा चांगला! तेव्हा मोजूनमापून यांचं वाक्य आठवलं आणि शंका थेट केबलवर गेली.

काठी उतरवली. पीएल-२५९ प्लग फिरवून काढला तर आतून पाण्याचे दोन थेंब हातावर पडले. केबलचं आवरण चिरलं. जाळी तांबूस असायला हवी, ती काळी पडलेली, मध्ये मध्ये हिरवट, आणि बोटाने चोळली तर पूड निघत होती. जाळीच्या धाग्यांतून पाणी वातीसारखं खाली उतरत गेलं होतं. तांबं पुन्हा चमकतं तिथपर्यंत कापत गेलो, पावणेदोन मीटर केबल गेली.

तांब्याचीतार

कापलीत ते योग्य केलंत. काळी जाळी पुसून परत वापरता येत नाही. आता जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक येतात. तिच्यावर उन्हासाठी साधी काळी टेप. सॉकेटच्या वरच्या बाजूला, उभी तार निघते तिथे, सिलिकॉन भरा, पण आंबट वास येणारं नको, ते तांबं खातं. वास नसलेलं मिळतं ते घ्या. आणि केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकून जाईल, भिंतीत शिरणार नाही.

पहिलीहाक

सगळं तसंच केलं. टेप खालून वर, झोळ खिडकीखाली एक वीत. एसडब्ल्यूआर परत १.३ झाला. काल रात्री धो धो पाऊस होता. आज सकाळी हाक दिली, पहिल्याच हाकेला उत्तर आलं.